एका तासाची दंतकथा : भारतीय हवाई दलाच्या नेतृत्वाचा न मांडलेला हिशेब

१/
भारतीय हवाई दलाच्या प्रमुखांचा इतिहास समाजमाध्यमांवर दोनच प्रकारे सांगितला जातो. एक म्हणजे युद्धकथांची माळ : अमुक प्रमुख, अमुक युद्ध, अमुक बाणेदार उत्तर. दुसरा प्रकार खास महाराष्ट्राचा, आडनावांच्या यादीचा : मुळगावकर, कात्रे, टिपणीस, नाईक, चौधरी. दोन्ही प्रकारांतील तपशील खरे आहेत. पण नेतृत्व म्हणजे काय, या प्रश्नाला दोन्ही प्रकार बगल देतात. या धाग्याचा वाद त्या बगल देण्याशी आहे.

२/
प्रतिपादन सरळ आहे. हवाई दलाच्या प्रमुखाची परीक्षा युद्धाच्या दिवशी जेवढी होते, त्याहून अधिक ती युद्धापूर्वीच्या चार-पाच वर्षांत होते. त्या काळात त्याने राज्यकर्त्यांना कोणते अप्रिय सत्य सांगितले, कोणती तयारी करून ठेवली, आधीच्या युद्धातील कोणती चूक स्वतःच्या दलाच्या नावावर मांडली, हे खरे मोजमाप. या मोजमापाने पाहिले तर लाडक्या दंतकथांचा क्रम बराच बदलतो.

३/
सुरुवात मुळापासून. हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली. विमाने वापिती, वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि काम मुख्यत्वे भूदलाला साहाय्य करण्याचे. साम्राज्याच्या दृष्टीने हे दल म्हणजे भूदलाचे लांबवर पाहणारे डोळे होते. डोळ्यांना स्वतंत्र बुद्धी असावी, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

४/
म्हणून स्वतंत्र भारतातील या दलाचे पहिले प्रमुख एअर मार्शल टॉमस एल्महर्स्ट यांचे स्मरण आवश्यक ठरते. ते ब्रिटिश होते, एवढ्याच कारणाने त्यांना यादीतून वगळण्याची प्रथा आहे. परंतु हवाई दल हे स्वतंत्र दल असेल आणि त्याचा प्रमुख भूदलाच्या सेनापतीच्या हाताखाली नसेल, ही अट घालूनच त्यांनी पद स्वीकारले. पुढच्या सर्व भारतीय प्रमुखांना मंत्र्यासमोर बरोबरीने बसता आले, ते या अटीमुळे. तीत शौर्यकथा कोणतीही नाही. होती ती वाटाघाट, आणि दलाचे भवितव्य तिच्यावर ठरले.

५/
त्याच काळातील दुसरे नाव मेहर सिंग. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात वेढलेल्या पूंछमध्ये त्यांनी डाकोटा विमाने उतरवली. २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन, मार्गदर्शनाची कोणतीही यंत्रणा नसताना, ते लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरले. धाडसात त्यांची बरोबरी करणारे क्वचितच कोणी असेल. तरीही ते लवकरच राजीनामा देऊन बाहेर पडले आणि प्रमुखपदापर्यंत कधी पोहोचले नाहीत. विमान चालवण्याचा पराक्रम आणि संस्था चालवण्याचा पराक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

६/
भूदलाला पहिला भारतीय प्रमुख १५ जानेवारी १९४९ रोजी मिळाला, नौदलाला १९५८ मध्ये. हवाई दलात सुब्रतो मुखर्जी १ एप्रिल १९५४ रोजी आले. त्यांच्या साडेसहा वर्षांत कोणतेही मोठे युद्ध झाले नाही, म्हणून युद्धकथांच्या माळेत त्यांना जागा नाही. परंतु हंटर, नॅट, मिस्टेअर आणि कॅनबेरा ही जेट विमाने याच काळात दलात आली. पुढे १९६५ मध्ये ज्या विमानांनी युद्ध लढले, त्यांतील बहुतेकांचा पाया या काळात घातला गेला. १९६० मध्ये टोकिओ येथे पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

७/
आता १९६२. समाजमाध्यमांचा आवडता निष्कर्ष असा : नेहरूंनी हवाई दलाचे हात बांधले, नाहीतर निकाल वेगळा लागला असता. हात बांधले गेले, हे खरेच. लढाऊ विमाने जमिनीवर उभी राहिली आणि कलकत्त्यासारख्या शहरांवर चिनी बॉम्ब पडतील, ही भीती निर्णयामागे होती. मालवाहू विमानांनी मात्र अपार कष्ट घेतले. एएन-१२ विमानांनी चुशूलच्या उंचीवर एएमएक्स-१३ रणगाडे नेऊन उतरवले. म्हणजे क्षमता होती, वैमानिक होते. लढाऊ बळाचा वापर तेवढा झाला नाही.

८/
पण दोष पंतप्रधानांच्या खात्यात टाकून हिशेब संपत नाही. तिबेटमधील धावपट्ट्या अतिशय उंचावर. विरळ हवेत जड बॉम्ब घेऊन उड्डाण करणे चिनी विमानांना किती कठीण जाईल, हा प्रश्न राजकारण्यांचा नव्हे, हवाई दलाच्या मुख्यालयाचा होता. त्या मुख्यालयाचे मत निर्णायक ठरले नाही, एवढे तर परिणामावरूनच सिद्ध आहे. स्वतःची हंटर विमाने तळावर उभी असताना १९ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनी केनेडींना पत्र लिहून अमेरिकी लढाऊ विमानांच्या १२ तुकड्या मागितल्या. ज्या देशाचा पंतप्रधान स्वतःच्या हवाई बळाविषयी इतका अनभिज्ञ राहतो, तेथे सल्ला देणाऱ्यांचीही जबाबदारी मोजावी लागते.

९/
त्या वेळचे प्रमुख ॲस्पी इंजिनिअर. हे कर्तृत्वहीन गृहस्थ नव्हते. १९३० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाण करून त्यांनी आगाखान पारितोषिक जिंकले होते, आणि त्या स्पर्धेत मागे पडलेल्यांत जे. आर. डी. टाटा होते. प्रश्न व्यक्तीच्या योग्यतेचा नाहीच. प्रश्न हा की, पराभवानंतर हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांची जी चौकशी झाली तिचा विषय भूदलापुरता होता. हवाई दलाने काय सल्ला दिला, का दिला, आणि तो का चालला नाही, याची तशी तपासणी झाली नाही. जी चूक कागदावर येत नाही, ती पुढच्या पिढीला वारशाने मिळते.

१०/
आणि ती मिळाली. १ सप्टेंबर १९६५ चा दिवस. छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे घुसलेले, अखनूरचा पूल धोक्यात. हिमालयाच्या मदतीला गेलेला सह्याद्री, यशवंतराव चव्हाण, संरक्षणमंत्री. त्यांनी विचारले, विमाने किती वेळात निघतील? अर्जन सिंग यांनी सांगितले, एका तासात. आणि खरोखर त्या अवधीत पठाणकोटहून विमाने निघाली. मराठी वाचकाला हा प्रसंग दुहेरी प्रिय, कारण विचारणारा आपला आणि उत्तर देणारा शूर.

११/
दंतकथा येथे थांबते. इतिहास थांबत नाही. पठाणकोटहून प्रथम निघाली ती व्हॅम्पायर, तेव्हाही कालबाह्य झालेली जेट विमाने. त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर सेबर विमानांच्या तोंडी पडून नष्ट झाली. जमिनीवरच्या तुकड्यांशी संपर्काची नीट व्यवस्था नसल्याने काही मारा आपल्याच सैन्यावरही झाला. त्यानंतर व्हॅम्पायरना आघाडीवरून मागे घ्यावे लागले. एका तासाच्या त्या उत्तरामागे एका तासाचीच योजना होती, हे सांगणारे धागे विरळाच.

१२/
येथे आक्षेप येईल : भूदल संकटात असताना प्रमुखाने दुसरे काय म्हणायला हवे होते? आक्षेप रास्त आहे. त्या क्षणी ते उत्तर योग्यच होते, दुसरे कोणतेही उत्तर अक्षम्य ठरले असते. दोष उत्तराचा नाही. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात ठिणगी पडून गेली होती, त्यानंतर चार महिने हाताशी होते. तरीही दोन्ही दलांची संयुक्त योजना नव्हती, म्हणून ते उत्तर देण्याची वेळ आली. दंतकथा उत्तराचे कौतुक करते आणि या चार महिन्यांवर पडदा टाकते.

१३/
पडद्यामागचे चित्र पुढील आठवड्यात स्पष्ट झाले. ६ सप्टेंबरच्या पहाटे भूदल लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेले, पण त्याच पहाटे शत्रूच्या विमानतळांवर हल्ला करण्याचे काम हवाई दलाला दिलेले नव्हते. संध्याकाळी पाकिस्तानी सेबर पठाणकोटवर आली आणि सुमारे दहा विमाने जमिनीवरच जळाली, त्यांत नवी कोरी मिग-२१ होती. दुसऱ्या दिवशी पूर्वेला कलाईकुंडा येथेही तेच घडले. वैमानिकांच्या शौर्यात उणीव नव्हती. उणीव होती ती आडोशांची, विखुरलेल्या तळव्यवस्थेची आणि एकत्र बसून आखलेल्या नकाशाची.

१४/
अर्जन सिंग यांचा खरा मोठेपणा मात्र या दंतकथेमुळेच झाकला जातो. १९६५ नंतर ते जवळजवळ चार वर्षे पदावर राहिले. जे जळाले त्याचा धडा त्यांच्याच कारकिर्दीत गिरवायला सुरुवात झाली. त्यांचे १९६५ मधील उपप्रमुख प्रताप चंद्र लाल जुलै १९६९ मध्ये प्रमुख झाले. म्हणजे ज्यांनी पठाणकोटची राख पाहिली, त्यांनीच पुढची तयारी केली. २००२ मध्ये अर्जन सिंग यांना मिळालेले मार्शलपद एका तासासाठी मानायचे की या चार वर्षांसाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे. इतिहासाचा कौल दुसऱ्या बाजूला झुकतो.

१५/
लाल हे या संपूर्ण यादीतील सर्वांत कमी गाजलेले मोठे नाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते व्हेंजन्स विमाने घेऊन लढले. पुढे इंडियन एअरलाइन्सचा कारभार पाहिला, नंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे अध्यक्षपद सांभाळले. विमान उडवण्याइतकेच ते बनवण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि वेळापत्रकात चालवण्याचे ज्ञान असलेला हा माणूस होता. प्रमुख होताच त्यांनी प्राधान्यक्रम निश्चित केला : प्रथम देशाचे आणि तळांचे हवाई संरक्षण, त्यानंतर लगेच भूदल आणि नौदल यांना साहाय्य. दूरवरचे बॉम्बहल्ले त्याखालोखाल. बॉम्बफेकीचे आकर्षण असलेल्या दलाला हे पचवणे सोपे नव्हते.

१६/
फळ ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी दिसले. पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा अशा तळांवर अचानक हल्ला चढवला. १९६५ ची पुनरावृत्ती व्हायची, पण आता विमाने काँक्रीटच्या आडोशांत विखुरलेली होती आणि हाती फारसे काही लागले नाही. पूर्वेला मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर खड्डे पाडून काही दिवसांतच तेथील सेबर तुकडी जखडून टाकली. ११ डिसेंबरला टंगाईल येथे छत्रीधारी सैनिक उतरले, १४ डिसेंबरला ढाक्यातील गव्हर्नमेंट हाउसवर अचूक मारा झाला. यांतील कोणतीही गोष्ट एका तासात ठरलेली नव्हती.

१७/
१९९९ मध्ये कसोटी उलट दिशेने आली. कारगिलच्या वेळी भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली. प्रमुख अनिल टिपणीस यांनी दोन गोष्टी सांगितल्या : त्या उंचीवर ही हेलिकॉप्टरे टिकणार नाहीत, आणि हवाई बळ वापरणे म्हणजे युद्धाची पायरी चढणे, त्यासाठी सरकारची स्पष्ट अनुमती हवी. अनुमती २५ मे रोजी मिळाली आणि २६ मे पासून हल्ले सुरू झाले. या अवधीवरून 'हवाई दलाने टाळाटाळ केली' हा ठपका अजूनही अधूनमधून ठेवला जातो.

१८/
ठपका ठेवणाऱ्यांनी पुढील दोन दिवस पाहावेत. २७ मे रोजी एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गमावले गेले, स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा हुतात्मा झाले. २८ मे रोजी एमआय-१७ पाडले गेले, चार जण गेले. टिपणीस यांचा इशारा अक्षरशः खरा ठरला. त्यानंतर हेलिकॉप्टरे हल्ल्यातून मागे घेतली गेली, विमाने अधिक उंचीवरून मारा करू लागली, मिराज-२००० ला लेझरने दिशा घेणारे बॉम्ब लावले गेले. नियंत्रण रेषा न ओलांडण्याची सरकारची अट लष्करी दृष्टीने अतिशय जाचक होती, तीही काटेकोर पाळली गेली. स्पष्ट सल्ला आणि पूर्ण आज्ञापालन एकाच माणसात नांदू शकतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

१९/
हा मुद्दा महत्त्वाचा, कारण नेहमीची हाकाटी अशी की गणवेशातील माणसाने जाहीरपणे बोलू नये, त्याने लोकशाहीतील नागरी वर्चस्वाला धक्का बसतो. नागरी वर्चस्वाचा अर्थ शेवटचा शब्द सरकारचा, एवढाच आहे. एकच शब्द सरकारचा, असा नाही. १९६२ मध्ये गप्प राहिलेले वा न ऐकले गेलेले मुख्यालय लोकशाहीला जेवढे महाग पडले, तेवढा कोणत्याही प्रमुखाचा स्पष्टवक्तेपणा पडलेला नाही.

२०/
परंतु या दलाच्या नेतृत्वाचा सर्वांत मोठा पराभव कोणत्याही युद्धभूमीवर झालेला नाही. तो कारखान्यात झाला. कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरमध्ये घडलेले मारुत विमान १९६१ मध्ये उडाले. योग्य इंजिन न मिळाल्याने ते अपुऱ्या बळाचेच राहिले आणि १४७ विमानांवर उत्पादन थांबले. त्यातून धडा घेऊन पुढचे विमान लगेच हाती घेतले गेले असते तर गोष्ट वेगळी होती. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला तो १९८३ मध्ये. पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी. तेजसची पहिली तुकडी उभी राहिली २०१६ मध्ये.

२१/
या ३३ वर्षांत हवाई दलाने १४ प्रमुख पाहिले. दिलबाग सिंग यांच्यापासून अरूप राहा यांच्यापर्यंत. यांतील लक्ष्मण कात्रे हे एरोनॉटिक्सचे अध्यक्षपद भूषवून आलेले, लाल यांच्याप्रमाणे दोन्ही बाजू जाणणारे. त्यांचे १ जुलै १९८५ रोजी, वर्षही पुरे होण्याआधी, पदावर असताना निधन झाले. उरलेल्यांची मुदत दोन-तीन वर्षांची. बासष्ट वर्षे वय किंवा तीन वर्षे पद, जे आधी येईल ते, हा नियम. ज्या प्रकल्पाला तीन दशके लागतात, त्याचा जाब तीन वर्षांच्या पाहुण्याला कोण विचारणार? आणि पाहुण्याने तरी विलंबाचे ओझे का वाहावे, जेव्हा परदेशातील तयार विमान मागणे अधिक सोपे असते?

२२/
याला दुसराही पदर आहे. स्वातंत्र्यानंतरच्या २८ प्रमुखांमध्ये हेलिकॉप्टर वैमानिक असलेले एकच : फली होमी मेजर. १९६२ मध्ये ज्यांनी दलाची लाज राखली त्या मालवाहू विमानांच्या शाखेचे काय? अभियंत्यांच्या शाखेचे काय? लढाऊ वैमानिकच सर्वोच्च पदी शोभतो, हा समज इतका मुरला आहे की त्याला कोणी समजही म्हणत नाही. क्षेपणास्त्रे, रडार, ड्रोन आणि उपग्रह यांच्या काळात कॉकपिटचा अनुभव हा नेतृत्वाचा एकमेव दाखला मानणे म्हणजे घोडदळाच्या अधिकाऱ्याकडेच रणगाडे सोपवण्यासारखे आहे.

२३/
परिणाम आकड्यांत उघड आहे. मंजूर तुकड्या ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगढ येथे मिग-२१ ने निरोप घेतला, तेव्हा उरल्या २९. जे विमान १९६३ मध्ये दलात आले, ते सहा दशके वापरावे लागले, कारण जागा घेणारे वेळेवर आले नाही. २०२१ मध्ये मागणी नोंदवलेली ८३ तेजस मार्क-१ए विमाने ठरल्या मुदतीत मिळाली नाहीत. या घसरणीचा आरोप सरकारांवर, कारखान्यांवर, नोकरशाहीवर होतो आणि तो रास्तही आहे. आरोपींच्या त्या रांगेत हवाई मुख्यालयाची खुर्ची मात्र कधी ठेवली जात नाही.

२४/
म्हणूनच ज्या थोड्या प्रमुखांनी उघडपणे बोलण्याचे धाडस केले, त्यांची नोंद युद्धकथांच्या बरोबरीने व्हायला हवी. प्रदीप नाईक यांनी पदावर असताना सांगितले की दलाची निम्मी सामग्री कालबाह्य झाली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने एमआय-१७ पाडले, सहा हवाई सैनिक आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबरमध्ये नवे प्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ती आपली मोठी चूक होती, हे जाहीरपणे मान्य केले. २०२५ मध्ये अमरप्रीत सिंग यांनी संरक्षण प्रकल्प वेळेत पुरे होत नाहीत, हे उद्योगपतींच्या सभेतच सुनावले. यांतील एकाही प्रसंगावर चित्रपट निघणार नाही.

२५/
मराठी अभिमानाबद्दल शेवटी एक स्पष्ट बोल. २८ पैकी पाच प्रमुख मराठी, ही संख्या कौतुकाची आहे, पण तेथे थांबणारा अभिमान आळशी आहे. काश्मीर युद्धातील महावीरचक्राचे मानकरी मुळगावकर यांनी प्रमुख म्हणून काय केले, कात्रे यांच्या अकाली जाण्याने कारखाना आणि तळ यांच्यातील कोणता दुवा तुटला, टिपणीस यांच्यावरचा ठपका किती खरा, नाईक यांच्या इशाऱ्यानंतर काय बदलले, हे विचारणारी मराठी पुस्तके कपाटात किती आहेत?

२६/
पुढच्या वेळी नव्या प्रमुखाची घोषणा होईल तेव्हा छायाचित्राखाली त्याच्या उड्डाणांचे तास छापून येतील, त्याचे गाव आणि आडनाव शोधले जाईल. त्याच दिवशी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. दलात आज किती तुकड्या आहेत आणि तो जाईल तेव्हा किती असतील? भूदल आणि नौदल यांच्यासोबत बसून आखलेली योजना आहे काय? आणि मागच्या मोहिमेत काय चुकले, हे त्याच्या दलाने लिहून ठेवले आहे काय? उत्तरे मिळाली नाहीत, तर एका तासात विमाने निघतीलही. परत किती येतील, हे मात्र १९६५ च्या त्या संध्याकाळने सांगून ठेवलेले आहे.